सूचनावही : एक परीक्षण

परीक्षण करायचे ते छापील पुस्तकाचे, असा आपल्याकडे रिवाज आहे. त्याला थोडी बगल देऊन आम्ही या वेळी एका हस्तलिखिताचे परीक्षण करणार आहोत. हे हस्तलिखित बहुतेक प्रत्येक माध्यमिक शाळेत असते आणि दर वर्षी नव्याने लिहिले जाते. त्याच्या लेखकाचे कौतुक कोणी करत नाही, पण प्रत्येक पानाखाली सगळे वाचक न चुकता सह्या करतात. पुठ्ठ्याची बांधणी, आखीव पाने, वर शाळेचा गोल शिक्का. नाव, सूचनावही.

विज्ञान प्रदर्शने आणि शिक्षक प्रशिक्षणे यांच्या निमित्ताने आमचे बऱ्याच शाळांत जाणे होते. चहा येईपर्यंत शिक्षकखोलीतली ही वही चाळायची आम्हाला सवय लागली (अर्थात मुख्याध्यापकांच्या परवानगीने). आमचे रोजचे काम संशोधनाचे, आणि प्रयोगशाळेतही एक नोंदवही असतेच. त्यामुळे दोन वह्यांची तुलना मनात आपोआप होत गेली. पुढे जे लिहिले आहे ते कोणा एका शाळेबद्दल नाही. वह्या इतक्या सारख्या असतात की एकीचे परीक्षण सगळ्यांना लागू पडावे.

आधी वहीच्या गुणांबद्दल. प्रत्येक सूचनेला तारीख असते, क्रमांक असतो, खाली सही असते. पाने फाडलेली नसतात. खाडाखोड केली तर ती एका रेघेने, आणि वरचा मूळ मजकूर वाचता येतो. संशोधनाच्या नोंदवहीचे नियम नेमके हेच आहेत, आणि ते पाळायला आमच्याकडच्या नव्या विद्यार्थ्यांना काही महिने लागतात. शाळेत हे वर्षानुवर्षे बिनबोभाट चालू आहे. शिवाय या वहीत शाळेचा खरा इतिहास असतो. कोण कधी निवृत्त झाले, निरोप समारंभाला वर्गणी किती ठरली, कोणत्या वर्षी सहामाही परीक्षा पुढे ढकलली, सहलीची गाडी किती वाजता सुटायची होती, हे शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत सापडणार नाही, येथे सापडते.

आता भाषा. सूचनावहीतल्या वाक्याला कर्ता नसतो. ‘वर्ग स्वच्छ ठेवण्यात यावेत.’ ‘माहिती सादर करण्यात यावी.’ ‘सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.’ हे संबंधित कोण, ते वाचणाऱ्याने आपल्या मनाशी ठरवायचे, आणि अनुभव असा की प्रत्येक जण ‘आपल्या शेजारचा’ असे ठरवतो. यावर कोणी म्हणेल की, तुमच्या शोधनिबंधांतही ‘द्रावण तापवण्यात आले’ असेच लिहिता ना? लिहितो. पण तेथे कर्ता गाळण्याला एक अर्थ आहे. द्रावण कोणीही तापवले तरी निष्कर्ष तोच यावा, हा त्या वाक्यामागचा दावा असतो. कर्ता महत्त्वाचा नाही, आणि म्हणून तो नाही. सूचनेत मात्र कर्ता हाच मुख्य मुद्दा असतो. शिवाय शोधनिबंधात कर्ता गाळला तरी कारण गाळता येत नाही. किती तापवले, किती वेळ आणि कशासाठी, हे सांगितले नाही तर संपादक निबंध परत पाठवतो. सूचनावहीत कर्त्याबरोबर कारणही गेलेले असते.

कारण गेल्याने काय बिघडते, याचे एकच उदाहरण घेऊ, पण ते नीट पाहू. ‘प्रयोगशाळेतील सर्व घातक रसायने कुलूपबंद कपाटात ठेवण्यात यावीत’ अशी सूचना आम्ही एकाहून अधिक वह्यांत वाचली. हेतू उत्तम आहे. मुलांच्या हाती आम्ल लागू नये, एवढेच लिहिणाऱ्याला म्हणायचे असावे. पण तसे लिहिलेले नाही. आता प्रयोगशाळा परिचर काय करेल? शाळेत कुलूप लागणारे लाकडी कपाट बहुधा एकच असते. त्यात तो संहत नायट्रिक आम्लाची बाटली ठेवेल, शेजारी हायड्रोक्लोरिक आम्ल, त्याच्या शेजारी अमोनिया, खालच्या फळीवर दिव्यासाठी आणलेले स्पिरिट, आणि कोपऱ्यात ब्लीचिंग पावडरची पिशवी. कुलूप लावेल. शिक्षक वहीत सही करतील.

सूचनेचे शब्दशः पालन झाले आणि धोका वाढला. संहत नायट्रिक आम्ल हे तीव्र ऑक्सिडीकारक आहे. ते स्पिरिटमध्ये सांडले तर जोरदार अभिक्रिया होऊन आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. लाकूड, कागद आणि कापूस यांच्याशीही त्याचे जमत नाही. ब्लीचिंग पावडरवर आम्ल पडले की क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल शेजारी ठेवले तर बाटल्यांवर पांढरी पूड जमते. ती पूड म्हणजे अमोनियम क्लोराइड. अनेक शाळांच्या कपाटांत ती दिसते आणि ‘बाटल्या जुन्या झाल्या’ असे म्हणून पुसली जाते. खरे तर ती एक सूचनाच आहे. दोन बाटल्यांची बुचे सैल आहेत आणि त्या चुकीच्या जागी आहेत, असे ती सांगते. तिच्यावर सही करायची सोय नाही, एवढेच.

सूचनेत दोन ओळी जास्त असत्या तर? ‘मुलांच्या हाती लागू नयेत म्हणून रसायने कुलपात ठेवावीत, मात्र आम्ले वेगळी, स्पिरिटसारखे ज्वालाग्राही पदार्थ वेगळे. नायट्रिक आम्ल सर्वांपासून दूर आणि लाकडावर थेट न ठेवता चिनी मातीच्या ताटलीत ठेवावे. जागा कमी पडत असल्यास कळवावे.’ कारण कळले की माणूस सूचनेत न लिहिलेल्या परिस्थितीतही बरोबर वागू शकतो. एरवी तो फक्त आज्ञा पाळतो, आणि आज्ञा लिहिणाऱ्याला सगळ्या परिस्थिती सुचतातच असे नाही.

क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली, बेल प्रयोगशाळेत काम करत असताना, माहिती मोजण्याची एक रीत मांडली. संदेश जितका अनपेक्षित, तितकी त्यात माहिती जास्त, हे तिचे सार. सूचनावहीला ती रीत लावून पाहण्यासारखी आहे, आणि हा खेळ नववी-दहावीच्या मुलांबरोबरही खेळता येईल. समजा, दिवसात आठ तासिका आहेत आणि चाचणी त्यांपैकी कोणत्याही एका तासाला असू शकते. ती कोणत्या तासाला आहे हे ‘हो-नाही’ प्रश्न विचारून ओळखायचे. पहिल्या चारांत आहे का? त्या चारांतल्या पहिल्या दोनांत आहे का? त्या दोनांतल्या पहिल्या तासाला आहे का? तीन प्रश्नांत उत्तर हमखास मिळते. म्हणून ‘चाचणी पाचव्या तासाला’ या सूचनेत तीन बिट माहिती आहे. याउलट ‘शिक्षकांनी तास सुरू होताच वर्गावर जावे’ ही सूचना दर सोमवारी येत असेल, तर ती येणार हे आधीच ठाऊक असते. तिच्यातली माहिती शून्य बिट.

येथे थोडे जपून बोलायला हवे. शॅनन यांचे माप संदेशाचे महत्त्व मोजत नाही, आणि पुनरुक्ती म्हणजे कचरा असेही ते म्हणत नाही. उलट, गोंगाटातून संदेश नीट पोचायचा तर पुनरुक्ती लागते. ‘सोमवार, दि. १२’ असे लिहिले की वार आणि तारीख एकमेकांवर पहारा ठेवतात. १२ तारखेला मंगळवार असेल तर वाचणारा लगेच म्हणतो, सर, काहीतरी चुकले आहे. नुसते ‘येत्या सोमवारी’ लिहिले आणि वही चार दिवस फिरत राहिली, तर कोणता सोमवार हे कळायला मार्ग नाही. उपयोगी पुनरुक्ती ती अशी. दर आठवड्याला तीच ताकीद देणे ही तिची बहीण दिसते, पण आहे सावत्र.

‘तातडीचे’ या शब्दाचे काय झाले ते याच हिशोबात बसते. वरून येणाऱ्या बहुतेक पत्रांवर तो असतो, तेथून तो वहीत उतरतो. प्रत्येक कागद तातडीचा असेल तर या शब्दावरून कोणताही निवाडा करता येत नाही. म्हणजे त्यातही शून्य बिट. रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात सतत वाजणाऱ्या यंत्रांकडे परिचारिकांचे लक्ष जाईनासे होते, हा प्रश्न वैद्यकशास्त्रात बराच अभ्यासला गेला आहे. शिक्षकखोलीत त्याचा अभ्यास व्हायचा आहे. आता वहीच्या जोडीला व्हॉट्सॲपचा गट आला, सहीची जागा निळ्या खुणांनी घेतली आणि ‘आजच्या आज’चे ‘अर्ध्या तासात’ झाले. बाकी भाषा तीच.

वेळेचाही हिशोब करावा. वही शिपायाबरोबर वर्गावर्गांत फिरते. वीस वर्ग, प्रत्येक वर्गात पन्नास मुले, आणि वही वाचून सही करून पुन्हा धड्याकडे यायला तीन मिनिटे, असे धरू. शिक्षकांचा एक तास गेला. मुलांच्या बाजूने मोजले तर तीन हजार मिनिटे, म्हणजे पन्नास तास. दहावीच्या वर्गात अनुमापन चालू असेल आणि शेवटचा थेंब पडायच्या बेतात असेल, तर त्या तीन मिनिटांची किंमत याहून वेगळी.

आम्हाला या वहीतला सर्वांत आवडलेला आणि सर्वांत खटकलेला शब्द एकच आहे, ‘निरंक’. ‘माहिती निरंक असल्यास तसे कळवावे.’ शब्द मोठा सुबक आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘ज्यात अंक नाही ते’. पण वापर होतो शून्याच्या अर्थाने, आणि या दोहोंत विज्ञानाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘गेल्या महिन्यात प्रयोगशाळेत झालेले अपघात : निरंक’ या ओळीचे किमान तीन अर्थ संभवतात. प्रयोग झाले आणि अपघात झाला नाही. प्रयोगच झाले नाहीत. किंवा अपघात झाला, पण नोंद झाली नाही. पहिल्या शाळेचे कौतुक करायला हवे, दुसरीला मदत हवी आणि तिसरीकडे कोणीतरी जाऊन यायला हवे. तिघींचा अहवाल एकच.

पर्जन्यमापक ठेवणाऱ्या मुलांना हा फरक लगेच समजतो. मापकात पाणी नव्हते, ही एक गोष्ट. रविवारी मापक पाहायला कोणी आले नाही, ही दुसरी. पाच दिवसांच्या नोंदी १०, २०, ०, ३०, ० मिलिमीटर अशा असतील तर सरासरी १२ मिलिमीटर येते. दोन्ही शून्ये ‘पाहिले नाही’ या अर्थाची असतील तर पाहिलेल्या तीन दिवसांची सरासरी २० येते. सरासरी काढणाऱ्याला कोणी हे सांगितले नाही, तर त्याचा दोष नाही. शाळांच्या अशा हजारो निरंकांची बेरीज वर कोठेतरी होत असते, आणि तीवरून धोरणे ठरतात. रकान्यात शून्यासाठी ‘०’, मोजले नाही तर ‘मो. ना.’ आणि प्रश्न लागूच नसेल तर आडवी रेघ, एवढे केले तरी पुष्कळ होईल. हे शाळेच्या पातळीवर करता येते. त्याला शासननिर्णय लागत नाही.

वहीत विज्ञान येते तेव्हा तरी ती विज्ञानासारखी बोलते का? फेब्रुवारीच्या अखेरीची सूचना पाहू. ‘दि. २८ रोजी राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त डॉ. सी. व्ही. रामन यांच्या प्रतिमेचे पूजन करण्यात येईल. छायाचित्रे त्याच दिवशी पाठवावीत.’ काही ठिकाणी तर ‘रामन यांच्या जयंतीनिमित्त’ असे असते. रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा. २८ फेब्रुवारी ही १९२८ सालच्या शोधाची तारीख आहे. कोलकात्यात त्यांनी आणि के. एस. कृष्णन यांनी लावलेला तो शोध. आपण माणसाचा वाढदिवस साजरा करत नसून एका निरीक्षणाचा दिवस साजरा करतो, हेच या दिवसाचे वेगळेपण, आणि सूचनेत तेच हरवते. विखुरलेल्या प्रकाशकणांपैकी साधारण कोटीत एखादाच रंग बदलून बाहेर पडतो. तो ओळखता आला, ही गोष्ट हारापेक्षा मुलांना जास्त भावेल असे आम्हाला वाटते.

शून्य सावली दिनाची सूचना तर दुहेरी फसते. सूर्य भर माध्यान्ही नेमका डोक्यावर येण्याचा दिवस महाराष्ट्रात मे महिन्यात येतो, पुण्यात साधारण १३ मे, मुंबईत १५ मे. तेव्हा शाळांना सुट्टी. तोच योग पुन्हा येतो तेव्हा शाळा भरलेल्या असतात, पण पुण्या-मुंबईत तो जुलैच्या अखेरीस, म्हणजे आभाळ भरलेले. शिवाय सूचनेत ‘दुपारी १२ वाजता’ असे लिहिलेले आम्ही पाहिले आहे. आपली घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखांशाला लावलेली, आणि पुणे जवळजवळ ७४ अंशांवर. त्यामुळे मेमध्ये पुण्यात खरी माध्यान्ह सुमारे १२ वाजून ३१ मिनिटांनी होते. बाराच्या ठोक्याला एक मीटर काठीची सावली १३ सेंटिमीटरच्या आसपास भरते. म्हणजे सूचना पाळणाऱ्या मुलाला दिसते की सावली नाहीशी होतच नाही. त्याने ‘प्रयोग फसला’ असे लिहिले, तर चूक निरीक्षणाची नाही. त्याने पुढचा अर्धा तास तेथेच उभे राहावे असे त्याला कोणी सांगितले असते तर! आणि मुळात माध्यान्हीची सावली मोजायला तो एकच दिवस कशाला हवा? डिसेंबरातला कोणताही स्वच्छ दिवस चालेल. आकडा वेगळा येईल, रीत तीच.

एका सूचनेचे मात्र मोकळेपणाने कौतुक करायला हवे. ‘अतिवृष्टीच्या इशाऱ्यामुळे उद्या शाळेस सुट्टी.’ या सूचनेत कारण आहे, काळ आहे, काय करायचे ते आहे. तिच्यामागचा हवामान खात्याचा इशारा शब्दांच्या बाबतीत किती काटेकोर असतो, ते शाळेने फळ्यावर लावावे. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, तेथून २०४.४ पर्यंत अति मुसळधार. त्याहून जास्त ते अत्यंत मुसळधार. हे २४ तास सकाळी साडेआठला संपतात. शाळा उघडल्यावर प्रत्यक्षात किती पाऊस पडला तेही शेजारी लिहावे. इशारा कधी खरा ठरला, कधी नाही, याची नोंद मुलांनीच पावसाळाभर ठेवली तर अंदाज म्हणजे काय, हे त्यांना कोणत्याही धड्यापेक्षा बरे समजेल.

वहीतला मोठा भाग शिकवण्याबाहेरच्या कामांचा असतो, हे शिक्षकांना आम्ही सांगायला नको. शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) कलम २७ नुसार शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षणेतर कामाला लावता येत नाही. कोणती सूचना या तिन्हींत बसते हे तपासायला कलमाची प्रत वहीच्या आतल्या पुठ्ठ्याला चिकटवून ठेवावी.

आमचा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. शॅनन यांचा निबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, १९४८ मध्ये, नॉर्बर्ट वीनर यांचे सायबरनेटिक्सवरचे पुस्तक आले. नियंत्रण करणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेला परतीची वाट लागते, हा त्यातला मध्यवर्ती विचार. भट्टीचे तापमान किती झाले हे भट्टीने कळवले नाही, तर तापनियंत्रक कितीही हुशार असून उपयोग नाही. सूचनावहीत ही परतीची वाट नाही. तेथे वाचकाला करता येण्यासारखी एकच गोष्ट आहे, सही. ‘हे जमणार नाही’, ‘यात तारीख चुकली आहे’, ‘हे कशासाठी?’ असे लिहायला जागाच ठेवलेली नाही. सही एवढेच सांगते की वही टेबलापर्यंत पोचली. संविधानाच्या कलम ५१-क मध्ये, १९७६ च्या दुरुस्तीने, वैज्ञानिक दृष्टिकोन आणि जिज्ञासा बाळगणे हे नागरिकांचे कर्तव्य म्हणून आले. वर्गात मुलांना ‘का?’ विचारा असे सांगणारे शिक्षक स्वतः दिवसातून दोनदा ‘का?’ न विचारता सही करतात, तेव्हा मुले दारात उभ्या शिपायाकडे आणि सरांच्या पेनकडे पाहत असतात.

वेगळे घडू शकते, याचे उदाहरण शेजारच्या राज्यात आहे. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ साली मध्य प्रदेशातल्या १६ शाळांत सुरू झाला. त्यात शिक्षकांची मासिक गोष्ठी होत असे. कोणता प्रयोग फसला, मुलांनी कोणता प्रश्न विचारला, पुस्तकातले कोणते वाक्य गोंधळ करते, हे शिक्षक तेथे मांडत. त्यावरून पुढे पुस्तके बदलली. २००२ साली शासनाने तो कार्यक्रम बंद केला. आपल्याकडेही केंद्रपातळीवर शिक्षण परिषदा भरतात. त्यांत वरून आलेल्या सूचना वाचून दाखवण्यात किती वेळ जातो आणि खालून आलेले प्रश्न ऐकण्यात किती, ते एखाद्या शिक्षकाने घड्याळ लावून मोजावे. आकडे आम्हाला कळवल्यास आनंद होईल.

तोवर एक बिनखर्चाचा उपाय. विज्ञानाच्या प्रयोगवहीत लेखन उजव्या पानावर करायचे आणि डावे पान आकृतीसाठी, निरीक्षणांसाठी कोरे ठेवायचे, हे आपण मुलांना सहावीपासून शिकवतो. सूचनावहीही तशीच लिहावी. सूचना उजवीकडे, डावे पान वाचकांसाठी. मुख्याध्यापकांना हे सुरुवातीला अवघड वाटेल; डावे पान काही आठवडे कोरेच राहील, कारण सवय नाही. पहिली नोंद कोणती करावी असा प्रश्न पडल्यास, कुलपातले ते कपाट उघडून नायट्रिक आम्लाच्या बाटलीच्या दोन्ही बाजूंना सध्या काय आहे, ते लिहावे.